मधले बेअरिंग

इंजिन उघडले की बहुतेकांची नजर आधी पिस्टनकडे आणि लायनरकडे जाते. ज्या मिस्त्रींना मी मानतो ते मात्र ब्लॉक उलटा करतात, मेन बेअरिंगच्या, म्हणजे पिस्टनची वर-खाली हालचाल फिरतीत बदलणारा क्रँक नावाचा दांडा ज्यांत फिरतो त्या आधारांच्या, कॅप काढतात आणि खालचे शेल, म्हणजे बेअरिंगचे पातळ अर्धगोल अस्तर, क्रमाने, पुढची बाजू कोणती ही खूण न चुकवता, टेबलावर मांडतात. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका क्रँक ग्राइंडिंगच्या शेडमध्ये असे पाच शेल वर्तमानपत्रावर मांडलेले मी पाहिले. माझा व्यवसाय मोजमापाच्या साधनांचा, म्हणजे मायक्रोमीटर, डायल गेज, बोअर गेज यांच्या कॅलिब्रेशनचा. त्या कामासाठी रबाळ्याहून अशा शेडमध्ये येणेजाणे असते, आणि साधने तपासायला गेलेल्या माणसाला त्या साधनांनी काय मोजले जात आहे याची उत्सुकता आवरत नाही. गाडी नेरुळच्या एका तरुणाची होती. चार सिलिंडरचे डिझेल इंजिन, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, रीमॅप करून जास्त ताकदीसाठी बदललेला, टर्बोचा बूस्ट वाढवलेला, आणि रविवारी पहाटे रहदारी नसताना पामबीच रस्त्यावर त्या वाढीव ताकदीचा आनंद घेण्याची सवय. इंजिन गरम झाल्यावर आयडलिंगला ऑइल प्रेशरचा दिवा लुकलुकू लागला, खालून जड ठोका ऐकू येऊ लागला, आणि गाडी टोचनवरून इथे आली.

त्या पाच शेलांपैकी पहिला आणि पाचवा जवळपास निरोगी होते. करड्या मॅट पृष्ठभागावर फक्त आतल्या कडेला, म्हणजे सिलिंडरच्या बाजूला, बोटभरही नाही अशी एक चकाकती पट्टी होती. दुसऱ्या आणि चौथ्यावर अशा पट्ट्या दोन्ही कडांना होत्या, पण फिकट. तिसऱ्याची, म्हणजे बरोबर मधल्याची, गोष्ट वेगळी होती. त्याच्या दोन्ही कडांना तांबूस रंगाच्या चंद्रकोरी उमटल्या होत्या आणि मधला पट्टा मात्र अजून करडाच होता. नखाने चाचपले तर कडेला किंचित उतार लागत होता. वरचे पाचही शेल, ज्यांच्यात तेलाची खाच असते, ते जवळजवळ नव्यासारखे होते.

ज्याने रीमॅप करून दिला होता त्याचे म्हणणे एकच होते: ऑइल निकृष्ट होते. हे उत्तर सोयीचे असते, कारण ऑइल तोवर काढून टाकलेले असते. पण ऑइलमध्ये कचरा असता तर शेलांवर फेऱ्याच्या दिशेने ओरखडे दिसले असते आणि ते पाचही ठिकाणी दिसले असते. ऑइल कमी पडले असते तर मऊ धातू पुसल्यासारखा सरकला असता, उष्णतेने काळवंडला असता, आणि ती खूण पूर्ण रुंदीभर असती. ब्लॉकमधली बेअरिंगची रांग वाकडी असती तर काही शेल खालून आणि काही वरून घासले असते. इथे तसे काहीच नव्हते. झीज फक्त खालच्या अर्ध्यात, फक्त कडांना, आणि मध्याकडे वाढत गेलेली. अशी नक्षी एकाच गोष्टीने उमटते: क्रँक फिरताना वाकत होता.

तांबूस रंगाचा अर्थही इथेच सांगतो. अशा त्रिस्तरीय शेलची पाठ पोलादाची असते, तिच्यावर तांब्याच्या मिश्रधातूचा थर असतो आणि सर्वांत वर शिसे, कथिल व थोडे तांबे यांचा मऊ मुलामा असतो. हा मुलामा साधारण १५ ते २५ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाइतका. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे बारीक कण त्यात रुतून बसतात आणि जर्नलशी, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या क्रँकच्या गोल भागाशी, थोडा विसंवाद असला तर तो स्वतः झिजून जागा करून देतो. करड्या रंगातून तांबूस डोकावले की समजायचे, मुलाम्याने जेवढे सोसायचे तेवढे सोसून झाले. मायक्रोमीटर न लावताही वीस मायक्रॉन गेले हे डोळ्यांना कळते. माझ्या व्यवसायाला हे कबूल करणे थोडे जड जाते, पण खरे आहे.

आता क्रँकवर पडतो तो भार किती, ते पाहू. सिलिंडरचा व्यास ८५ मिलिमीटर धरला तर पिस्टनच्या डोक्याचे क्षेत्रफळ सुमारे ५७ चौरस सेंटिमीटर होते. ज्वलनाचा कमाल दाब १६० बार असेल, तर कनेक्टिंग रॉडमार्फत क्रँकपिनवर, म्हणजे रॉड जिथे क्रँकला जोडलेला असतो तिथे, साधारण सव्वानऊ टनांचा धक्का बसतो. बूस्ट आणि डिझेल वाढवून हाच दाब १९० बारपर्यंत नेला तर तो अकरा टनांच्या आसपास जातो. ३००० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा पेटतो, म्हणजे चौघांचे मिळून सेकंदाला शंभर धक्के. क्रँक हा सरळ दांडा नव्हे. तो जागोजागी दुमडलेला आहे, आणि भार नेमका दुमडीच्या टोकावर पडतो. दोन मेन बेअरिंगमधला भाग त्या धक्क्याने खाली लवतो आणि लगेच सावरतो. हे लवणे मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याजोगे असते. एवढ्याशा आकड्याने काय बिघडणार, असे ज्याला वाटेल त्याने बेअरिंगमधली मोकळीक आठवावी: ६० मिलिमीटरच्या जर्नलला ती साधारण ६० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे सहा शतांश. लवणे आणि मोकळीक एकाच मापाच्या गोष्टी आहेत.

त्या मोकळिकीत तेल काय करते याविषयी वर्कशॉपमध्येसुद्धा मोठा गैरसमज आहे. पंपाचा दाब क्रँकला उचलून धरतो असे अनेकांना वाटते. वरचाच हिशेब पुढे नेला, म्हणजे सव्वानऊ टन दोन मेन बेअरिंगमध्ये वाटले आणि प्रत्येकी ६० गुणिले २० मिलिमीटरच्या जागेवर पसरले, तर दर चौरस सेंटिमीटरला सरासरी पावणेचारशे किलोंहून अधिक भार येतो. पंप देतो चार-पाच किलो. उरलेला दाब कुठून येतो, याचा शोध बोशँप टॉवर या इंग्रज अभियंत्याला १८८३ च्या सुमारास, रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर घर्षणाचे प्रयोग करताना, जवळजवळ अपघातानेच लागला. बेअरिंगच्या माथ्यावर तेल सोडण्यासाठी त्याने भोक पाडले, तर आस फिरताना तेल उलट त्यातूनच वर येऊ लागले. त्याने बूच ठोकले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही निघाली. शेवटी गेज लावला तेव्हा दाब चौरस इंचाला २०० पौंडांच्या पलीकडे गेला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता १०० पौंड. ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये त्याचे गणित मांडले: फिरणारा जर्नल तेलाला स्वतःबरोबर ओढत अरुंद होत जाणाऱ्या फटीत नेतो, आणि त्या पाचरीतच दाब निर्माण होतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाणाऱ्या गाडीचे टायर रस्ता सोडून पाण्यावर तरंगतात, तसा क्रँक तेलावर तरंगतो. फरक इतकाच की गाडीच्या बाबतीत तो अपघात ठरतो आणि क्रँकच्या बाबतीत तेच त्याचे आयुष्य. पंपाचे काम फक्त फट भरलेली ठेवण्याचे आणि उष्णता वाहून नेण्याचे.

या पाचरीत, भार सर्वाधिक असतो त्या ठिकाणी, तेलाचा थर काही मायक्रॉनच उरतो, आणि कधी कधी एखाद्या मायक्रॉनपर्यंत खाली येतो. जर्नल बेअरिंगशी समांतर असेल तोवर एवढा थर पुरतो. पण क्रँक दोन आधारांच्या मध्ये लवला की आधारावरचा जर्नल तिरका होतो आणि त्याची आतली कड खाली दबते. २० मिलिमीटर रुंदीत एक कड दुसरीपेक्षा १० मायक्रॉन खाली गेली, तर तो तिरकेपणा अंशाच्या पस्तिसाव्या भागाएवढा असतो. कोणत्याही कोनमापकाने तो दिसणार नाही, पण तेलाच्या थराला तो दिसतो, कारण थरच मुळी त्याहून पातळ आहे. कडेला तेल निसटून जायला वाट असल्याने तिथे दाबही टिकत नाही. मग धातूला धातू लागतो, सेकंदाच्या हजाराव्या हिश्शापुरता, पण सेकंदाला कित्येक वेळा. पहिल्या बेअरिंगच्या एकाच बाजूला सिलिंडर असतो, म्हणून त्याची एकच कड घासते. तिसऱ्याच्या दोन्ही बाजूंना सिलिंडर असतात, म्हणून दुसरा पेटला की एक कड आणि तिसरा पेटला की दुसरी. वर्तमानपत्रावरच्या चंद्रकोरी हेच सांगत होत्या.

पण मग दुसरे आणि चौथे बेअरिंग का वाचले? त्यांच्याही दोन्ही बाजूंना सिलिंडर आहेतच. उत्तर चार सिलिंडरच्या क्रँकच्या घडणीत आहे. मधले दोन क्रँकपिन, दुसरा आणि तिसरा, एकाच दिशेला असतात. त्यांचे पिस्टन एकदम वर जातात, एकदम खाली येतात, आणि वेगाने फिरताना त्यांच्या वजनाचा झटका तिसऱ्या बेअरिंगवर दोन्हीकडून एकाच वेळी बसतो. दुसऱ्या आणि चौथ्याच्या शेजारचे पिन परस्परविरुद्ध असल्याने तिथे हे झटके बऱ्याच अंशी एकमेकांना खोडतात. हा जडत्वाचा भार वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ३५०० ऐवजी ४५०० आरपीएम केले तर वेग तिसऱ्या हिश्शाहूनही कमी वाढतो, पण भार सुमारे ६५ टक्क्यांनी वाढतो. कमी खर्चाच्या क्रँकवर चारच काउंटरवेट, म्हणजे पिनच्या उलट बाजूला तोल सांभाळणारी वजने, असतात. आठ असले तर प्रत्येक पिनचा तोल त्याच्या शेजारीच राखला जातो आणि मधल्या बेअरिंगवरचा ताण उतरतो. आठ सिलिंडरच्या व्ही आकाराच्या इंजिनांतही हाच प्रश्न आहे. ज्या क्रँकना मधल्या बेअरिंगलगत काउंटरवेट नसतात, ते जास्त वेगाला मध्येच फाकतात.

गाडीमालकाने फोनवर डायनोचा, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख दाखवला, आणि त्याच फोनवर परदेशातल्या फोर्ज्ड (घडीव) क्रँकची जाहिरातही. "काका, हाच मागवतो, मग वाकायचा प्रश्नच नाही," तो मिस्त्रींना म्हणाला. मिस्त्री म्हणाले, "दादा, तुटायचा प्रश्न नाही. वाकायचा आहेच." हे वाक्य मला त्या दिवसातले सर्वांत मोलाचे वाटले, कारण हॉर्सपॉवरच्या नादात असलेल्या बहुतेकांना मजबुती आणि ताठपणा हे दोन वेगळे गुण आहेत हेच ठाऊक नसते. मजबुती म्हणजे किती भारापर्यंत वस्तू कायमची वाकणार किंवा तुटणार नाही. ताठपणा म्हणजे त्या मर्यादेच्या आत, दिलेल्या भाराखाली, ती किती लवेल. पोलादाची मजबुती मिश्रधातू बदलून, पाणी देऊन, नायट्रायडिंग करून (नायट्रोजन मुरवून पृष्ठभाग कठीण करून) दुप्पट-तिप्पट करता येते. पण त्याचा लवचिकतेचा गुणांक, ज्यावर ताठपणा ठरतो तो, साध्या ईएन ८ चा घ्या की महागड्या ईएन २४ चा, २०० ते २१० गिगापास्कलच्या आसपासच राहतो. त्यावर उष्णतोपचाराचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. एसजी आयर्न या ओतीव लोखंडाचा गुणांक १७० च्या आसपास असतो, म्हणजे ओतीव क्रँकऐवजी फोर्ज्ड घेतल्यास पाचव्या हिश्शाइतका फायदा होतो. एका फोर्ज्डऐवजी दुसरा, अधिक महाग फोर्ज्ड घेतल्यास ताठपणात फायदा शून्य.

मिस्त्रींनी ते त्याला तिथेच दाखवले. एकाच मापाच्या दोन पट्ट्या, एक साध्या पोलादाची आणि एक स्प्रिंग स्टीलची, पकडीत सारख्याच बाहेर ठेवून आवळल्या, टोकाला तेच वजन टांगले आणि खाली डायल गेज लावला. दोन्ही वेळा काटा जवळपास एकाच रेघेवर थांबला. वजन वाढवल्यावर साधी पट्टी वाकून तशीच राहिली आणि स्प्रिंगची परत सरळ झाली, एवढाच फरक. गेज माझ्याकडूनच तपासून गेलेला होता, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायची सोय मला नव्हती. तरुण बराच वेळ त्या काट्याकडे पाहत राहिला, मग त्याने विचारले की ताठपणा येतो कुठून.

तो येतो आकारातून. गोल दांड्याचा ताठपणा, वाकण्यातला आणि पिळण्यातला दोन्ही, व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. मेन जर्नल ६० ऐवजी ६५ मिलिमीटरचा केला तर तेवढ्याने ताठपणा सुमारे ३८ टक्के वाढतो, मात्र पृष्ठभागाचा वेग, घर्षण आणि तेलातली उष्णताही वाढते. फुकट काही नाही. त्याहून निर्णायक आहे ती मेन जर्नल आणि क्रँकपिन यांची एकमेकांवरची चढ. क्रँकच्या टोकाकडून पाहिले तर दोन्ही वर्तुळे जेवढी एकमेकांत शिरलेली दिसतात, तेवढे पोलाद भाराला सरळ वाट देते. जर्नल ६०, पिन ५० आणि स्ट्रोक ९० मिलिमीटर असेल तर ही चढ १० मिलिमीटर भरते. ताकदीसाठी स्ट्रोक ९६ केला की ती ७ वर येते, आणि सगळा भार मधल्या पातळ वेबवरून, म्हणजे जर्नल आणि पिन यांना जोडणाऱ्या भागावरून, वळसा घेऊन जाऊ लागतो. क्षमता वाढवण्यासाठी लांब स्ट्रोकचा क्रँक बसवणारे लोक पिस्टन ब्लॉकबाहेर डोकावणार नाही ना, रॉड कॅमला लागणार नाही ना, एवढेच तपासतात. चढीचा हिशेब करताना मी क्वचितच कोणाला पाहिले आहे.

क्रँक एकटा वाकतो असेही नाही. तो ज्या घरात बसतो ते घरही हलते. ॲल्युमिनियमचा लवचिकतेचा गुणांक ७० गिगापास्कलच्या आसपास, पोलादाच्या तिसऱ्या हिश्शाइतका. बीड त्याहून बरे, पण पोलादाच्या बरोबरीचे नाहीच. भार वाढला की मेन कॅप तिच्या बैठकीवर सूक्ष्म सरकते, आणि कॅप व ब्लॉक जिथे टेकतात तिथे काळपट, खवल्यांसारखे डाग पडतात. या इंजिनाच्या तिसऱ्या कॅपवर ते होते, आणि शेलच्या पाठीवरही. म्हणून जास्त हॉर्सपॉवरच्या इंजिनांत कॅपला चार बोल्ट देतात, आडवे बोल्ट घालतात, किंवा सगळ्या कॅप एका चौकटीत ओतून बेडप्लेट करतात. रस्त्यावरच्या इंजिनात हे नंतर करणे अवघड आणि खर्चिक असते, आणि बाहेरून दिसत नसल्याने कोणी करून मागतही नाही.

बेअरिंगच्या झिजेत थेट न दिसणारा एक आरोपी पुलीत लपला होता. मूळ क्रँक पुली ही नुसती पुली नसते. आतला हब आणि बाहेरचे जड कडे यांच्यामध्ये रबर असते, आणि ते कडे क्रँकच्या पिळाच्या कंपनाला विरोध करते. प्रत्येक धक्क्याने क्रँक फ्लायव्हीलच्या तुलनेत किंचित पिळला जातो आणि उलगडतो. त्या पिळण्याची स्वतःची एक नैसर्गिक वारंवारता असते, आणि एखाद्या ठराविक आरपीएमला धक्क्यांची लय तिच्याशी जुळली की पीळ वाढतच जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी लांब क्रँकच्या सहा सिलिंडर गाड्यांनी या दुखण्याने कारखानदारांना हैराण केले होते, आणि फ्रेडरिक लँचेस्टरने त्यावर डँपर काढला तो याच काळात. क्रँक दुमडलेला असल्यामुळे पीळ आणि वाक वेगळे राहत नाहीत, एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत राहते. आपल्या तरुणाच्या गाडीवर मूळ पुली काढून चकचकीत, हलकी, सबंध ॲल्युमिनियमची पुली बसवली होती. इंजिन मोकळे फिरते असे सांगून. फिरत असेलही. पण ताकद वाढवायची आणि त्याच वेळी डँपर काढून टाकायचा, यासारखा उलटा सौदा दुसरा नाही. पिळामुळे थकलेला क्रँक तुटतो तेव्हा भेग बहुधा तेलाच्या भोकापासून किंवा जर्नलच्या कोपऱ्यातून ४५ अंशांत तिरकी जाते. इथे तशी भेग नव्हती. मॅग्नाफ्लक्सच्या, म्हणजे चुंबकाने भेगा शोधण्याच्या, तपासणीत क्रँक साफ निघाला.

हॉर्सपॉवर या आकड्याबद्दलही थोडे बोलायला हवे, कारण बेअरिंगला तो आकडा समजत नाही. ४०० न्यूटन-मीटर टॉर्क १७५० आरपीएमला दिला तर सुमारे ७३ किलोवॅट होतात, तोच टॉर्क ३५०० ला दिला तर सुमारे १४७. कागदावर ताकद दुप्पट झाली, क्रँकवरचा ज्वलनाचा धक्का मात्र जवळपास तेवढाच आहे. उलट तेलाच्या पाचरीला वेग लागतो; वेग कमी आणि भार जास्त असेल तर थर पातळ होतो, हे रिचर्ड स्ट्रिबेकने १९०२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वक्रांपासून अभियंत्यांना ठाऊक आहे. म्हणून रीमॅपमधला सर्वांत घातक भाग माझ्या मते वरच्या टोकाचा नसून १५०० ते २००० आरपीएममधला आहे, जिथे पाचव्या गिअरमध्ये पाय दाबला की गाडी एकदम ओढते आणि चालकाला आपले पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. त्या क्षणी तेलाचा थर सर्वांत पातळ असतो. पामबीचवरच्या पहाटेच्या धावेपेक्षा गिअर न बदलता चढलेल्या बोरघाटाने या शेलांचे जास्त नुकसान केले असावे, असे मी त्याला म्हणालो. त्याला ते पटले नाही. घाटात गाडी किती शांत चालते, हेच तो सांगत राहिला.

पुढे काय करायचे यावर मिस्त्रींचे मत ठाम होते. तिसऱ्या जर्नलवर कडेला झीज होती, म्हणून क्रँक पहिल्या साइझला, ०.२५ मिलिमीटरने, ग्राइंड करायचा. त्याने व्यास घटून ताठपणा दोन टक्क्यांनीही कमी होत नाही. खरा धोका कोपऱ्यातल्या गोलाईचा. घाई करणारा माणूस ग्राइंडिंगच्या चाकाची कड नीट ड्रेस न करता, म्हणजे तिला गोलाई न देता, जर्नल घासतो, कोपरा अणकुचीदार राहतो आणि पुढची भेग तिथूनच सुरू होते. नायट्रायडिंग केलेला क्रँक असेल तर कठीण थर पातळ होतो तो प्रश्न वेगळा. कॅपच्या बैठकी घासून, योग्य टॉर्कला आवळून, लाइन बोअरिंग करायचे, म्हणजे बेअरिंगची सगळी भोके एका रेषेत कातायची. जुन्या जागेवर नुसते नवे शेल बसवायला त्यांनी साफ नकार दिला. मोकळीक थोडी सैल ठेवू का, जाड ग्रेडचे ऑइल घालू का, हे प्रश्न तरुणाने इंटरनेटवर वाचून आणले होते. सैल मोकळिकीने कडेला थोडी जागा मिळते, पण तेल वाहून जाते आणि भार कमी जागेवर एकवटतो; जाड तेलाने थर वाढतो, पण वाहणे कमी होऊन तेल तापते आणि तापले की पुन्हा पातळच होते. मूळची डँपर पुली परत बसवायची आणि २२०० आरपीएमच्या खाली टॉर्क मूळ मर्यादेत ठेवायचा, ही मिस्त्रींची अट होती. ग्राइंड झालेल्या जर्नलवर त्यांनी लगेच तेल चोपडून प्लास्टिक गुंडाळले. ठाण्याच्या पावसाळी हवेत उघडा जर्नल एका रात्रीत गंजाचे ठिपके धरतो, आणि ठिपके पडलेला जर्नल नव्या मुलाम्याला कानशीसारखा लागतो.

क्रँकचे लवणे प्रत्यक्ष मोजायची पद्धत मात्र गाड्यांच्या दुनियेत नाही. ती जहाजांवर आहे. न्हावा शेवा बंदरामुळे म्हणा किंवा सिडकोच्या स्वस्त घरांच्या काळापासून म्हणा, नेरुळ-सीवूड्स भागात जहाजांवरचे इंजिनिअर बरेच राहतात, आणि त्यांची मोजमापाची साधने माझ्याकडे येतात. त्यांपैकी एक असतो लांब पायांचा डायल गेज. इंजिन थांबवून, क्रँककेसमध्ये उतरून, एकाच क्रँकपिनच्या दोन वेबच्या आतल्या बाजूंना पंचने केलेल्या खुणांमध्ये तो अडकवतात आणि टर्निंग गिअरने क्रँक हळूहळू एक फेरा फिरवतात. पिन वर असताना, दोन्ही बाजूंना असताना आणि खाली असताना वाचन घ्यायचे. अगदी तळाला कनेक्टिंग रॉड आड येतो, म्हणून तळाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशी दोन वाचने घेतात, एकूण पाच. शेजारचे मेन बेअरिंग झिजून खाली बसले असेल तर क्रँकची अक्षरेषा तिथे खचलेली असते, आणि मग दोन वेब एका स्थितीत मिलिमीटरच्या काही शतांशांनी उघडतात व अर्ध्या फेऱ्यानंतर मिटतात. म्हणजे बेअरिंग न उघडता, क्रँकच्या श्वासावरून बेअरिंगची झीज कळते. वाचनासोबत जहाज भरलेले होते की रिकामे, किती पाण्यात बसले होते, इंजिन गरम होते की थंड, हेही लिहावे लागते. मालाच्या वजनाने जहाजाचा तळच वाकतो आणि त्याच्याबरोबर इंजिनाची बैठकही.

तिथले भार ऐकले की नेरुळच्या गाडीची कीव येते. २००६ मध्ये पाण्यात आलेल्या एमा मर्स्क या जहाजाच्या १४ सिलिंडरच्या इंजिनाची ताकद ८० हजार किलोवॅटहून थोडी अधिक आहे. सिलिंडरचा व्यास ९६० मिलिमीटर, स्ट्रोक अडीच मीटर, आणि एवढे सगळे मिनिटाला अवघ्या १०२ फेऱ्यांवर. कमाल दाब १४० बार धरला तर एका पिस्टनवर हजार टनांहून अधिक भार येतो. तरीही ही बेअरिंग वर्षानुवर्षे चालतात, कारण आकार ठरवतानाच लवण्याचा हिशेब केलेला असतो, आणि नंतर ते लवणे ठराविक अंतराने मोजून वहीत टिपले जाते. दुसऱ्या टोकाला ड्रॅग रेसची, नायट्रोमिथेन या इंधनावर चालणारी टॉप फ्युएल इंजिने. ८.२ लिटरमधून दहा हजारांवर हॉर्सपॉवर काढायची, काही सेकंदांची धाव झाली की इंजिन उघडायचे आणि शेल पाहायचे. तिथे क्रँक वाकणार हे गृहीतच आहे, म्हणून बेअरिंग हा खर्चाचा माल मानला जातो. दोन्ही व्यवहार आपापल्या जागी प्रामाणिक आहेत. अडचण मधल्या माणसाची आहे, ज्याला ताकद ड्रॅगवाल्याच्या दिशेने हवी असते आणि आयुष्य जहाजाचे.

एकाच ब्लॉकमधून टप्प्याटप्प्याने ताकद वाढवण्याचे चांगले उदाहरण ठाणे जिल्ह्यातच, कल्याणच्या डिझेल शेडमध्ये, वर्षानुवर्षे पाहायला मिळत असे. वाराणसीत १९६४ पासून बांधलेल्या डब्ल्यूडीएम-२ या रेल्वे लोकोंत अल्को या अमेरिकी कंपनीच्या घडणीचे सोळा सिलिंडरचे २५१ मालिकेतले इंजिन होते, ९ इंच व्यासाचे, २६०० हॉर्सपॉवरचे. त्याच मालिकेतून पुढे ३१०० आणि मग ३३०० हॉर्सपॉवरचे लोको निघाले. पण हे दशकांच्या अंतराने झाले, आणि रेल्वेने त्यासोबत वापरलेल्या तेलाच्या तपासणीची शिस्त सोडली नाही. शेडच्या प्रयोगशाळेत तेलाचा नमुना स्पेक्ट्रोमीटरवर जाळून त्यात कोणता धातू दशलक्षांश किती भाग आहे हे पाहतात, आणि एखाद्या धातूचा आकडा आधीच्या नमुन्यांपेक्षा चढू लागला की इंजिन उघडण्याचा निर्णय होतो.

ही तपासणी आता खासगी प्रयोगशाळांमध्येही होते आणि रीमॅपच्या खर्चाच्या मानाने तिचे शुल्क किरकोळ असते. म्हणून नेरुळच्या तरुणाला मी दर ऑइल बदलाला नमुना द्यायला सांगितले. नमुना इंजिन गरम असताना, ऑइल वाहत असताना मधूनच धरायचा. तळाचा गाळ घेतला तर आकडे फसवतात. शिसे आणि कथिल आधी वाढतात, कारण मुलामा आधी जातो. नंतर तांबे चढते, म्हणजे खालचा थर उघडा पडला. लोखंड त्यांच्या जोडीने वाढू लागले तर जर्नलही घासू लागला असे धरायचे, जरी लोखंड लायनरमधूनही येत असल्याने एकट्या त्या आकड्यावर भरवसा ठेवता येत नाही. हा क्रम जुन्या घडणीच्या शेलांना लागू पडतो. अलीकडच्या शिसेमुक्त शेलांत मुलामा कथिलाचा किंवा बिस्मथचा असतो, काहींत ॲल्युमिनियम आणि कथिलाचाच थर असतो, आणि तिथे शिसे वाढण्याची वाट पाहत बसलो तर बेअरिंग निघून जाईल तरी अहवाल स्वच्छच दिसेल. त्यामुळे अहवाल वाचण्याआधी इंजिनात कोणत्या घडणीचे शेल बसवले आहेत हे विचारावे लागते, आणि वर्कशॉपच्या बिलावर ते बहुधा लिहिलेले नसते.